दारापाशी पुरलेला सहोदर

४ मार्च

ज्या गावात माणसाला डावी-उजवी बाजूच उरत नाही, त्या गावाविरुद्ध वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले पाहिजेत. सुंबेरलारांगानात पाऊल ठेवल्यापासून मला कुणी डावीकडे किंवा उजवीकडे म्हटलेलं नाही. आज जेवताना पंगतीतून कुणीतरी सांगितलं, की पाक गुरूंच्या, म्हणजे माझ्या, मास्तरांच्या, ओठाच्या दक्षिणेला भात लागलाय. मी उत्तर पुसली. अख्खं अंगण हसलं. जन्म जकार्तात गेलेल्या, कॉलेजात संस्कृत शिकवून केस पिकवलेल्या माणसाने तोंड पुसायला होकायंत्र बाळगावं काय?

बाकी तक्रार नाही. घर सागवानी, चार जाड खांबांवर तोललेलं. समोर भातखाचरं पायऱ्यांसारखी उतरत गेलेली, मागे डोंगर अधूनमधून धूर सोडतो, पण सभ्यपणे. नवा महामार्ग झाला की शहर अगदी जवळ येईल. ‘खेड्यात घर घ्यावं का?’ हे माझं सदर आता इथूनच जाईल. शिवाय लारासचं बाळंतपण. माझी एकुलती एक लेक. मे महिन्यात दिवस भरतात. जकार्ताच्या धुरात माझं नातवंड पहिला श्वास घेणार नाही, हे मी ठरवूनच हे घर घेतलंय.

घर मिळवून दिलं तुकिजानने. दलाल, पोट पुढे आणि हसू पोटाच्याही पुढे. दिसेल त्याला ‘सौदारा, सौदारा’ करतो. मी त्याला म्हटलं, हा आपल्या संस्कृतातला सहोदर, एका उदरातून आलेला. तो म्हणाला, मग छापा की तसं पेपरात, घेणारा-विकणारा एकाच आईचे, दलाल तेवढा आभाळातून पडलेला.

९ मार्च

शेजारची म्बाह केमी गावाची सुईण, म्हणून गावाची म्बाह, म्हणजे आजी. सरपंचालाही ती ‘पोरा’ म्हणते, कारण त्याला उघडानागडा सगळ्यांत आधी तिने पाहिला. आज केळीच्या पानात गरम टेंपे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घेऊन आली आणि दाराच्या उजव्या हाताला पालथी पडलेली जुनी टोपली पाहत राहिली.

मग तिने सांगितलं. हे घर वागिमिनचं. तो तापाने फणफणला असताना तुकिजानने औषधपाण्याच्या नावाखाली त्याचा अंगठा घेतला. उठून बसला तेव्हा घर विकलेलं. भांडायला ना पैसा, ना माणूस. सुमात्राच्या मळ्यात मजुरीला गेला आणि तिकडेच मेला, तिकडेच पुरला. पण निघताना त्या टोपलीपाशी वाकला, माती थोपटली आणि म्हणाला होता, मी चाललो, तू राहा, घर सोडू नकोस.

हे कुणाला, तर त्याच्या धाकट्याला. बाळामागून पडते ती वार म्हणजे बाळाचा धाकटा भाऊ. केमीने स्वतःच्या हाताने वागिमिनची वार मडक्यात घालून त्या टोपलीखाली पुरली होती. थोरला जगतो, धाकटा राखण करतो. थोरला गेला की धाकट्याने जायचं. पण या धाकट्याला कुणी कळवलंच नाही. म्हणाली, घर घेतलंत, घ्या बापडे, पण तेवढ्या जागेवर फरशी नका घालू. अंगावर दगड ठेवला तर कुणालाही राग येतो, पाक गुरू.

मी म्हटलं, म्हणजे खरा सहोदर तो हाच. व्युत्पत्ती अगदी चोख बसते. ती म्हणाली, व्युत्पत्ती निवांत बसू दे, टेंपे निवतंय.

१५ मार्च

फरशी घातली. हौस म्हणून नव्हे. त्या चिखलात लारास पोटुशी घसरली तर? टोपलीचं ऐकताच गवंड्याला अचानक आजारी आत्या आठवली आणि तो गेला. तुकिजान म्हणाला, भित्र्यांचं गाव, आणा ते फावडं इकडे. दुसऱ्याच घावाला मडकं फुटलं. त्याने खापऱ्या पायाने पाटात लोटल्या आणि वाकून म्हणाला, काय रे धाकट्या, तुझा अंगठा घ्यायचा राहिलाच की!

मी हसलो. वाईट विनोद होता, पण हसलो.

मडक्याखालची माती मऊ होती आणि कोमट. तुकिजान हात विजारीला पुसत राहिला. वर सिमेंट चांगलं जाड घालून घेतलं, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं. संध्याकाळी सदर लिहिलं. शेवटचं वाक्य माझं मलाच आवडलं: नातवंडं जन्मावीत असं हे गाव.

२ एप्रिल

सदर वाचून चौकशीची पत्रं येताहेत. ही बातमी द्यावी म्हणून तुकिजानला बोलावलं, तर त्याचं हसू पोटाच्या मागे गेलेलं. म्हणतो, भर दुपारी खाचरातून कुणीतरी ‘कांग, कांग’ अशी हाक मारतं. कांग म्हणजे दादा. आता तुकिजान घरात शेंडेफळ. त्याला दादा म्हणणारं जगात कुणी नाही. पोरांचा चावटपणा असेल, असं तोच म्हणाला. बेंबी दुखते म्हणाला. आतून कुणी दोरी ओढावी तशी. मी बाम दिला. तो म्हणाला, या वयात बेंबीचं दुखणं, आता दातही नव्याने येतील.

दाराजवळची फरशी सकाळीसुद्धा गरम लागते. तिथे ऊन पोचत नाही.

११ एप्रिल

तुकिजान गेला.

दुपारी, लख्ख उन्हात, कोरड्या पाटात सापडला. गुडघे छातीशी, मुठी आवळलेल्या, अंग बुळबुळीत. गळ्याभोवती नाळ. ओली, निळसर, वेढे घातलेली. म्बाह केमीने ती कापली तेव्हा रक्त आलं. म्हणाली, नाळेचा फास बसलेली अर्भकं पुष्कळ पाहिली, मिशा पिकलेलं पहिलंच. दुसरं टोक बांधावरून माझ्या अंगणाकडे गेलं होतं. ते मी पाहिलं. बाकीच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

कुणी रडलं नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, वागिमिनचं फिटलं. केमी म्हणाली, फिटलं कुठे? घर मिळालंय का परत?

१३ एप्रिल

लारासला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ती हसली. म्हणाली, बापा, तुमचं कात्रण पर्समध्ये घेऊन फिरतेय मी. नातवंडं जन्मावीत असं गाव, आणि आता येऊ नको? मी म्हटलं, घरात ओल आहे. पोटुशी पोरीला दुसरं काय सांगणार? ती म्हणाली, ओल तुमच्या डोक्यात आहे, संस्कृत कमी वाचा.

१९ एप्रिल

फरशी फुगली आहे. तडा नाही. नुसती वर आलीय, गोल. हात ठेवला तर आतून काहीतरी कूस बदलतं.

केमीने दिवा लावला, भात ठेवला, विनवण्या केल्या. वारा नव्हता, दिवा गेला. मी गुडघ्यांवर बसलो. दरबारात वापरतात त्या आदराच्या भाषेत म्हणालो, घर आपलं आहे, मी निघतो, क्षमा असावी.

मग खालून, अगदी लाडात: कांग.

माझ्या बेंबीत कळ आली.

२१ एप्रिल, सकाळ

सामान बांधलं. लारासला निरोप धाडणार, की मीच जकार्ताला—

दारात टॅक्सी. लारास. मला चकित करायला आली म्हणे. मी ओरडलो तोवर ती पायरी चढली होती. फुगवटा ओलांडताना ती थबकली. पोट धरलं. म्हणाली, बापा, कुणीतरी ओढलं.

टॅक्सी गेली. कळा सुरू झाल्या. अजून मे कुठे—

२१ एप्रिल, दुपार

मुलगा! गुटगुटीत, शांत. लारास सुखरूप. केमीने मला हाक मारली नाही, म्हणून मीच आत गेलो.

वार पडलेली नाही. केमी पोट चोळत बसलीय. मी विचारलं, नाळ कधी कापली? ती म्हणाली, कापायला होती कुठे?

मूल पुन्हा धुतलं. पोट गुळगुळीत. बेंबीच नाही. केमीने माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, पाक गुरू, थोरल्याला बेंबी असते. धाकट्याला नसते.

लारास त्याला पाजते आहे. म्हणते, बघा, कसा घर निरखतोय. हा खांब, तो खांब — जणू ओळखीचं —

बाहेर गेलो. फरशी सपाट झालीय. पहिल्यासारखी.

मग थोरला कुठे?

२१ एप्रिल —

खालून रडणं येतंय. बारीक. नवजात. आतला रडलेला नाही. एकदाही नाही.

घणाने मारतोय. टवकासुद्धा नाही. घणाचा दांडा मोडला. हातांना रक्त. केमी पहार आणायला गेलीय, तोवर हे लिहितो, नाहीतर वेड लागेल. लारास आतून विचारते, बापा, कसला आवाज, बाळ दचकेल ना. मी सांगितलं — फरशी नीट करतोय.

त्याला घर हवं होतं, मिळालं. माझ्या लेकीची मांडीही मिळाली. आणि माझं जे होतं, ते त्याने स्वतःच्या जागी ठेवलं, सिमेंटखाली. हिशेब त्याच्या बाजूने चोख आहे.

आता विनोद नको. मला भुताची भीती नाही, घराची नाही, माझ्या जिवाचीही नाही. खाली माझा नातू आहे, आणि मी फरशी फार जाड घातली. एवढंच. रडणं मघापेक्षा हळू येतंय. केमी अजून — कान लावून ऐकतो — हळू — आता तर मला नीट —