निम्मी चूक

थंडर बे,
मार्चअखेर

प्रिय ऐला,

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठीक आहोत. सरोवरावरचा बर्फ अजून हलायला तयार नाही, पण दुपारच्या वेळी छपरावरून थेंब गळायला लागलेत. मी आज पाव भाजला, वेलदोडा जरा जास्तच पडला. बाबा गराजमध्ये आहेत. मे महिन्यात तुझ्याकडे यायचं म्हणून हत्यारं काढून एकेक पुसतायत. तुझ्या नव्या घराची मागची पायरी दुरुस्त करायचं त्यांनी फारच मनावर घेतलं आहे.

तर बातमी अशी की गाडीच्या विम्याचं भांडण आपण जिंकलो. फोनवर तुला ते तुकड्यातुकड्यांनीच कळलं असेल, म्हणून नीट लिहिते. नोव्हेंबरात बाबा खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. तिथल्या पार्किंगमध्ये एका पांढऱ्या पिकअपवाल्याने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि आपल्या गाडीच्या मागच्या दाराला ठोकली. दाराला पोचा पडला, एवढंच. कोणाला खरचटलंही नाही. बाबा त्या दिवशी बरेच उशिरा घरी आले. जुने सोबती भेटले, कॉफी प्यायलो, म्हणाले. गरम केलेलं वाटाण्याचं सूप प्यायले आणि झोपले. पोचा मला दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना दिसला. विचारलं तेव्हा म्हणाले, “हो, एक जण मागे येऊन धडकला,” आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले.

पिकअपवाल्याचं नाव सिल्वानो. लोकांच्या घरांत भिंतींचे तयार तक्ते बसवायचं काम करतो. त्याने विमा कंपनीला सांगितलं की म्हातारा सुसाट आला, मला दिसलाच नाही. साक्षीदार कोणी नाही. कंपनीने दोघांचं ऐकून घेतलं आणि कळवलं, निम्मी चूक तुमची, निम्मी त्यांची. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. सरकारी बर्फगाडी घेऊन त्यांनी इतके हिवाळे हमरस्ता मोकळा केला, रात्री-अपरात्री, समोरचं काही दिसत नसताना, आणि कधी कुणाच्या आरशालासुद्धा धक्का लावला नाही, हे तुला मी काय सांगायचं. शनिवार नसतानाही त्यांनी सौना तापवायला घेतला आणि त्या वाफेत फार वेळ बसून राहिले.

त्याच रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, “आई, निम्मी तर असेल ना त्यांची चूक?” आणि मग ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू इथे असतानाचं काढलंस. बाबा दूध आणायला गेले, अंधार पडल्यावर परत आले आणि दूध आणलंच नव्हतं. मी म्हटलं, तू वर्षातून दोनदा येतेस, तुला काय माहीत. फोन ठेवला. तेव्हापासून आपण दोघी हवापाण्याचंच बोलतोय. तुझ्यावर रागावले होते असं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. फक्त एवढं पक्कं होतं की ती निम्मी चूक त्या कागदावरून पुसून काढायची. सकाळी उठले की तेच काम. त्यामुळे बाकी कशाकडे बघावं लागत नव्हतं.

मी त्या दुकानात गेले. मॅनेजर म्हणाला, बाहेरच्या कॅमेऱ्यात सगळं असतं, मी ते बाजूला काढून ठेवतो, पण द्यायचं ते पोलिसांना किंवा विमा कंपनीला, तुम्हाला नाही. मग कंपनीच्या मागे लागले. कंपनीने ते मागवायला निम्मा हिवाळा लावला. फोन केला की गाणं वाजायचं, ते थांबलं की दरवेळी वेगळंच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. माझ्या आवाजात इतकी पाठांतराची सुरावट आली होती की बाबा एकदा म्हणाले, “इर्या, तू कोणाची जाहिरात करतेस?” आम्ही दोघं हसलो. शेवटी तक्रार विभागात ब्रॉनविन नावाची एक मुलगी भेटली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हिडिओ मागवला.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला. म्हणाली, बाई, तुमचे मिस्टर अगदी सावकाश, सरळ चालले होते, चूक संपूर्ण त्या पिकअपची, निकाल बदललाय. मी आभार मानले. ती पुढे म्हणाली, “तुमचे मिस्टर बरे आहेत ना?” मला वाटलं, रीत म्हणून विचारतेय. मी म्हटलं, उत्तम आहेत, गराजमध्ये आहेत. तिने व्हिडिओ मला पाठवला. मी बाबांना निकाल सांगितला. ते म्हणाले, “मग? मी तुला काय सांगत होतो?” आणि मला कमरेला धरून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. ते तरुणपणी नाचायचे तसे.

दुपारी ते झोपल्यावर मी व्हिडिओ लावला. आवाज नाही, नुसतं चित्र. आपली करडी गाडी हळूहळू येते. पिकअप मागे येते. धक्का लागतो. अगदी बाबांनी सांगितलं तसंच. सिल्वानो उतरतो, हातवारे करतो, चिठ्ठीवर नंबर लिहून देतो. बाबा ती खिशात ठेवतात. इथे मी बंद करायला हवं होतं. पण मॅनेजरने पुढचंही काढून ठेवलं होतं. बाबा वळतात आणि दुसऱ्याच एका करड्या गाडीकडे जातात. तिचं दार ओढून बघतात. मग तिसऱ्या गाडीचं. आपली गाडी मधल्या वाटेत दार उघडं, दिवे चालू, तशीच उभी आहे. मागे दोन गाड्या खोळंबल्यात. बाबा रांगेच्या टोकापर्यंत जातात, थांबतात, टोपी काढतात, पुन्हा घालतात. बर्फ पडायला लागलेला दिसतो. ते आपल्या गाडीच्या अगदी जवळून जातात, ऐला, आणि तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मग सिल्वानो पिकअपमधून पुन्हा उतरतो. धावत येतो, त्यांच्या दंडाला धरतो, काहीतरी बोलत बोलत त्यांना आपल्या गाडीपाशी आणतो. आत बसवतो. वाकून पट्टा लावून देतो. किती तरी वेळ दाराशी वाकून बोलतो. मग वाटेच्या मधोमध उभा राहतो, दोन्ही हात पसरून बाकीच्या गाड्या थांबवतो आणि बाबांना बाहेर पडू देतो. ते गेल्यावरही तो तिथेच रस्त्याकडे बघत उभा आहे. तिथे व्हिडिओ संपतो.

मी लॅपटॉप मिटला. बशा धुतल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या. रडूबिडू आलं नाही. बाबा उठले तेव्हा त्यांना कॉफी दिली. ते म्हणाले, पाव छान झालाय. त्या दिवशी मी पाव केलाच नव्हता, विकतचा होता.

त्या सिल्वानोला आम्ही हिवाळाभर खोटारडा म्हणत होतो. आणि ‘सुसाट आला’ ही थाप त्याने मारलीच होती. पण कंपनीला एवढंच सांगितलं असतं की या माणसाला स्वतःची गाडी सापडत नव्हती, तर त्याला थापेची गरजच पडली नसती. मी त्याच्या कुठल्याच जबाबात ते वाचलं नव्हतं. म्हणून गेल्या आठवड्यात त्याला फोन केला. तो वैतागलेला होता. “बाई, निकाल तुमच्या बाजूने लागला, माझा हप्ता वाढला, आता आणखी काय हवंय?” मी म्हटलं, मी पुढचा भाग बघितला. मागे कुठे तरी ड्रिल चालू होतं, ते त्याने कोणाला तरी बंद करायला सांगितलं. मी विचारलं, तुम्ही हे का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “ते गाडीच्या भांडणात कशाला आणायचं?” मग म्हणाला, “अजून तेच चालवतात का गाडी?” मी आभार मानले आणि फोन ठेवला. डॉक्टरांची वेळ मी त्याच दुपारी घेतली. तपासण्या सुरू झाल्यात, त्याचं तुला वेगळं सांगेन.

फोन न करता हे लिहितेय, कारण बाबांना ऐकू कमी येतं म्हणून आपला फोन हल्ली मोठ्या आवाजावरच असतो. मे महिन्यात सरोवराला वळसा घालून, दोन दिवस गाडी चालवत ते तुझ्याकडे यायला निघणार आहेत. मी सांगून ऐकणार नाहीत. डॉक्टरांनी किल्ली मागितली तर ती देतील, पण मग घरात कोणाशी बोलणार नाहीत. मला ते बघायचं नाहीये. आत्ताच तर त्यांना कोणीतरी लेखी दिलंय की चूक त्यांची नव्हती. तेवढं त्यांच्याकडे राहू दे. म्हणून तू त्यांच्याकडे गाडी माग. तुझी गाडी बंद पडली, नवी परवडत नाही, असं काहीही सांग. तुला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. ईस्टरला विमानाने ये, तिकीट एकेरीच काढ आणि जाताना गाडी घेऊन जा. पायरीचं आपण नंतर बघू. निघायच्या आदल्या दिवशी ते तुला नकाशा उघडून रस्ता समजावत बसतील. कुठे चढाला घसरतं, कुठे मूस हरणं आडवी येतात, कुठे पेट्रोल भरून घ्यायचं. त्यातलं अजून ते काही चुकत नाहीत. तुला सगळं पाठ असलं तरी ऐकून घे.

वाट बघणारी तुझीच,
आई