अकराव्या पानाच्या आत

प्रिय चिमणे,

तुझ्या आईने रचलेली चित्रगोष्ट पाठवतोय. पुरी झालेली नाही, शेवटची दोन चित्रं राहिलीच. अशा गोष्टी रचायला तू संगणकावर बनवलेल्या त्या साधनावर तिने सहा महिने काढले. चित्राला बोट लावलं की गोष्ट पुढे सरकते, हे मला दाखवताना पहिलीतल्या पोरीसारखी खुलायची. मला जेवायला मात्र उशीर व्हायचा.

तू म्हणायचीस, हे कुणा एकाच्या मालकीचं नको, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडायला हवं, आणि आत कसं बनलंय तेही ज्याला त्याला वाचता यायला हवं. कुलूप नसलेलं दुकान किती दिवस चालणार, अशी मी तुझी टर उडवायचो. आई मात्र खरंच आत शिरली. साठी उलटल्यावर एचटीएमएल, ही पानं लिहायची संगणकाची भाषा, शिकली. पडद्यावर तिचं मांजर शेपूट हलवतं, आत पाहावं तर नुसत्या आकड्या-अक्षरांच्या ओळी. त्यांच्या मधेमधे तिने स्वतःपुरती टिपणं लिहिलीत. ब्राउझर ती गाळूनच पान दाखवतो, म्हणून अगदी मनमोकळी. ‘शेपूट फार जाड झालं.’ ‘आज औषधाने हात थरथरतोय, उंबरठा वाकडा आला, राहू दे.’

ती गेल्यापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस, आणि तिचा तर विषयही काढू देत नाहीस. आईने आजार लपवला, शेवटचं भेटूही दिलं नाही, हे तू सगळ्यांदेखत म्हणालीस. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

काल अकराव्या पानाच्या आत हे सापडलं: ‘लेकीला कळवू या, असं आज परत म्हटलं. हे म्हणतात, तिचं काम मार्गी लागू दे, मग सांगू. यांचा शब्द मोडवत नाही. पण ती मला माफ नाही करायची.’

छापखान्यात जन्मभर मी मुद्रितं तपासली, ओळ खोडणं माझ्या डाव्या हातचा मळ. ही खोडली असती तर पडद्यावर तसूभर फरक पडला नसता. दोनदा खोडली, दोनदा परत आणली. तू पान उघडलंस की आत डोकावणारच, तुझी सवय मला ठाऊक आहे. तिथे वाचण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तिला मी थांबवलं, पोरी. तुला भेटायचं होतं तिला. माझ्यावर हवा तेवढा राग धर, तिच्यावरचा सोड.

तुझाच,
आजवर गप्प बसलेला बाबा