झमकूचा जॅझ

३ नोव्हेंबर
लेकीच्या, रूपलच्या लग्नात मी आणि झमकूने स्टेजवर नाचायचं म्हणे. नवरा-बायकोने! तेही जॅझवर!

पोरीने गाणं लावलं. आधी वाटलं, बँडवाल्यांचं भांडण झालंय — ट्रम्पेट एकीकडे, ड्रम भलतीकडे. मग माझा पाय आपोआप हलायला लागला. ताल कसा? गिऱ्हाईक भाव ऐकून उठतं, उंबऱ्यापर्यंत जातं — आणि हसत परत वळतं! "पप्पा, ती बाई गाण्यात म्हणतेय, बाजा वाजतोय तोवर बसून राहायचं नाही." शहाणी आहे बाई.

झमकू म्हणाली, "या वयात? शोभतं का?" आणि पोळ्या लाटायला गेली.

५ नोव्हेंबर
नाच शिकवायला धुळ्याहून तेजस येतो. डाळ मिलमधला पट्टा जरा सैल झाला तरी मला गल्ल्यावर बसून ऐकू येतं. हमालीपासून इथवर आलो ते या कानांवर. पण पाय ऐकतील तर ना! "काका, खांदे सोडा. पोतं नाहीये पाठीवर!" वर धीरही देतो, "बठ्ठं जमी जाई!" सगळं जमेल म्हणे.

झमकूला हाका मारल्या. स्वयंपाकघरातून ओ नाही. रुसलीय.

८ नोव्हेंबर
हट्ट माझाच आहे, पोरीचा नाही.

आमच्यात वरात निघाली, की मागे राहिलेल्या बायका दार लावून नाचतात. पुरुषांनी फिरकायचं नाही. दहा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात माझा पाय मुरगळला, वरातीला जाता आलं नाही. बाहेर खाटेवर पडून ऐकत होतो. इतक्या पैंजणांत झमकूचे ओळखले — एक ठेका चुकली नाही! बाहेर आली तेव्हा पदर डोक्यावर, चेहरा असा, की जणू आत पापड लाटत होती.

तो नाच एकदा डोळ्यांनी बघायचाय. बस.

९ नोव्हेंबर
"तुमचं ते जाझ-फाझ मला नाही कळत." झमकूच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं काय लागलं?

१३ नोव्हेंबर
विचारणं सोडलं. एकटाच शिकतो. ती दारात उभी राहून माझे पाय बघते. हसते. हसू दे!

१६ नोव्हेंबर
आज स्वतःहून आली! पदर खोचला. "चला. पण स्टेजचं नाव काढायचं नाही."

तेजसने मोठा स्पीकर लावला. आणि काय नाचली! मी वळलो की वळे, मी लचकलो की लचके — माझ्यापेक्षा सुंदर. खिडकीतून शेजारच्या यशोदाबाई ओरडल्या, "अहो भाऊ, अक्काला कुठे लपवलं होतं इतकी वर्षं?" झमकूचं लक्षच नव्हतं. नजर माझ्या पायांवर. मीच लाजलो.

१७ नोव्हेंबर
भर दुपारी लाईट गेली. गाणं मध्येच बंद पडलं. तेजस थांबला, रूपल थांबली.

झमकू नाचतच होती — माझे पाय बघून. गाणं थांबल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं.

मी पाय थांबवले नाहीत.