आला भूकंप, बाकं धरा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ५ जुलै १९९६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. नोकरीवरून का काढू नये, अशी नोटीस संस्थेने मला दिली आहे. चौकशी होईपर्यंत वर्ग घेतो आहे, कारण बारावीला फिजिक्स शिकवायला दुसरं कुणी नाही.

वर्गात किल्लारीकडची एक मुलगी आहे, चांगुणा. रोज उशिरा येते. मागच्या आठवड्यात दारात दिसली तसा मी म्हणालो की आला भूकंप, बाकं धरा रे! वर्ग खो-खो हसला, मीही हसलो आणि फळ्याकडे वळलो. तिच्या मामाने तक्रार केली. पण संस्थेचं खरं दुखणं वेगळंच आहे. शिक्षकांनी कॉलेजातले तास बुडवायचे आणि तोच धडा सचिवांच्या पुतण्याच्या क्लासमध्ये फी घेऊन शिकवायचा, ही फसवणूक आहे, असं मी पालकसभेत उभा राहून बोललो होतो. इथे गल्लोगल्ली क्लास निघाले आहेत, बोलणारा कुणालाच नको आहे. शिक्षकाला तोंडच नसावं का?

चौकशीला तिघे बसतात. एक संस्थेचा, एक राज्य पुरस्कार मिळालेला शिक्षक आणि एक माझ्या पसंतीचा, कुठल्याही खासगी शाळेतला. तूही खासगी शाळेतच शिकवतेस, म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. रजा काढ. तुझं मत तर माझ्या पदरात आहेच.

लोभ आहेच, तो नोटीस आलेल्या भावावरही राहू दे.

तुझा,
सोमेश

---

नांदेड, १० जुलै १९९६

चि. सोमेश यास,

अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा संस्थेचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा.

येईन. पालकसभेत बोललास ते पुन्हा बोल, हजारदा बोल, त्यापायी मी सचिवांशीही भांडेन. पण वर्गातलं बोलणं त्याच्याआड लपवू नकोस. सचिवांना तुझं बोलणं झोंबलं तर ते नोटीस देतात. ती पोर काय देणार? तिच्या घरचं कोण कोण गेलं, ते तू लिहिलं नाहीस. विचारलं तरी होतंस का?

लहानपणी माझे दात पुढे म्हणून तू मला फावडी म्हणालास आणि सगळी गल्ली म्हणायला लागली. माझ्या लग्नाचे फोटो काढून बघ. एकातही तोंड उघडं नाही. तू विसरलास, कारण फावडी तू नव्हतास.

आणि बाबा, माझं मत कुणाच्या पदरात नाही. ऐकेन आणि मग देईन. निकाल लागेपर्यंत तुझ्या घरी उतरणार नाही, पाणीही पिणार नाही. सुकन्येला तसं सांग, तिला वाईट वाटू नये.

जेवत जा वेळेवर. रागावलेली असले तरी तुझीच,

शिवकांता अक्का

---

लातूर, २४ जुलै १९९६

ती. अक्कांना,

सुकन्येचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी उत्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र आलं आणि हे अल्बम काढून बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

मग त्यांनी त्या मुलीची माहिती काढली. तिची आई आणि धाकटा भाऊ भूकंपाच्या पहाटे गेले. ती औशाला मामाकडे राहते, एसटी मिळेल तशी येते. आता वर्गातच नाही, एसटीतही पोरं तिला भूकंप म्हणूनच हाक मारतात.

वकिलांनी बजावलं होतं की माफी मागाल तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, नोकरी वाचणार नाही. हे मान डोलावून आले. आणि काल भर वर्गात खडू खाली ठेवून त्यांनी तिची माफी मागितली. म्हणाले की मी वाईट बोललो आणि तुम्ही हसलात तेही माझ्यामुळेच. वकिलांनी कपाळाला हात लावला. मला अभिमान वाटतो आणि भीतीही वाटते. दोन लेकरं आहेत, अक्का.

तुम्ही याल तेव्हा धपाट्यांचा डबा पाठवीन. तो तरी घ्या.

तुमची,
सुकन्या

---

नांदेड, ११ ऑगस्ट १९९६

चि. सोमेश यास,

अ. उ. आ.

निकालाचा कागद तुला मिळालाच असेल. डबा न उघडता परत केला त्याबद्दल सुकन्येची माफी. धपाट्यांचा वास पार नांदेडपर्यंत सोबत होता.

आत काय झालं ते आता सांगायला हरकत नाही. संस्थेचे गृहस्थ तुला काढायचंच म्हणत होते आणि तुझी माफी हाच पुरावा म्हणून पुढे करत होते. मी म्हणाले की पालकसभेचा राग या नोटिशीत मिसळू नका. पुरस्कारवाले शेषेराव गुरुजी कागद चाळत होते. शेवटी त्यांनी चांगुणालाच विचारलं की सरांना काढावं का?

ती उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत होती. म्हणाली की सर बोलले तवा समदे हसले, सरांनी माफी मागितली तवा कुणीच हसलं न्हाई. त्या दिवसापासून पोरं मला नावानं हाक मारायलेत. सरांना काढलं तर पुन्हा म्हणतील, भूकंपानं सरांना खाल्लं.

गुरुजींनी चष्मा पुसला. दोन विरुद्ध एक मतांनी तुझी नोकरी राहिली. एका वर्षाची पगारवाढ रोखली आहे. ती सूचना संस्थेची नव्हे, माझी होती. शिव्या द्यायच्या तर इथे येऊन दे.

पंचमी जवळ आली आहे. मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला ये. या वेळी तुझ्या घरी पोटभर जेवेन, आणि फोटो काढलास तर तोंड भरून हसेन.

तुझी फावडी,
शिवकांता