बर्फाच्या कारखान्यातलं सातवं घर

मालवण,
ता. ९ जानेवारी २०२५

ति. आत्यास,
संचिताचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपली ही जुनी पद्धतच बरी. बातमी मोठी आहे. बाजारामागचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना आठवतो ना? त्यात सात छोटी घरं बसवायचा माझा नकाशा पालिकेने मान्य केला. अट एकच, मार्चअखेर सातही घरांत राहणाऱ्यांनी सही करून होकार द्यायचा. एक जरी सही कमी पडली तर कारखाना पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार. धडधाकट इमारत पाडायची आणि दुसरीकडे नवं सिमेंट ओतायचं, हे मला मुळीच पटत नाही. भिंती हातभर जाड आहेत, आत भाताचा तूस भरलेला. जिथे बर्फ टिकत होता तिथे माणूस वैशाखातही सुखाने झोपेल. छपराचं पाणी जुन्या टाकीतच साठवणार आहे.

समुद्राने ज्यांची घरं खाल्ली, त्या रापणीचं जाळं ओढणाऱ्या सहा कुटुंबांना सहा घरं. सातवं तुझं. आतोबा गेल्यापासून तू दिराच्या मुलांकडे आहेस, आणि आपलं एक दार असावं असं मला येताजाता ऐकवतेस. आता दार समोर आलंय, मागे हटू नकोस.

वडीलकीची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
संचिता


आचरा,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

नकाशा पोचला. त्यावर तांदळाचे दाणे मांडून माझी खाट, शेगडी आणि कपाट फिरवून पाहिलं. सगळं बसतं. चुका काढण्यात जन्म गेला माझा, शाळेत पोरं थरथरायची, पण तुझ्या नकाशात एक चूक सापडेल तर शपथ.

घर लहान म्हणून मी घाबरेन असं तुला वाटत असेल तर तू आमची गावपळण विसरलीस. देवाचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर, गुराढोरांसकट. मागच्या खेपेला मी हट्टाने माझी वेगळी झोपडी घालून घेतली. झावळ्यांची, चार पावलांत संपणारी. त्या तीन दिवसांत मला काहीच कमी पडलं नाही. परत येताना पाय जड झाले होते, हे तुलाच सांगते.

दिराचा सिद्धेश घुश्शात आहे. काकीला घराबाहेर काढलं असं गाव म्हणेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं की गाव काय, गाव बोलतच असतं. माझा होकार धर. आणि वेळेवर जेवत जा, बापासारखी उपाशीपोटी भांडू नकोस.

आठवण ठेवावी, हा लोभ.

तुझी,
सत्यवतीआत्या


मालवण,
ता. २ मार्च २०२५

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही बरं नव्हतं. मागच्या रविवारी कारखान्याच्या जमिनीवर चुन्याने सगळी घरं खरीखुरी आखली आणि सहाही कुटुंबांना आत फिरवलं. मंडळी खूश होती. त्यांतल्या रुक्मिणीवहिनी मात्र एका घराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वर बघत विचारलं, "गणपती खंय बसतलो? नि माटवी खंय बांधतलव?"

मी नकाशात मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की अंगणात सगळ्यांचा मिळून एक गणपती. पुण्यात शिकले त्याचा परिणाम. ते मी वाचून दाखवलं. मग एका म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की आमचा गणपती आमच्या घरात बसतो, तो सामायिक होत नाही. गणपतीवर फळंफुलं टांगायची माटवी बांधायची तर वर छत मोकळं हवं, आणि नेमका तिथे मी मुलांना झोपायला माळा घातलेला. सहाही जण होकार न देता घरी गेले. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही.

पण मी सोडणार नव्हते. कारखान्यात वरून लोखंडी दांडा गेलाय, बर्फाच्या लाद्या त्याला टांगून पुढे ढकलत. तो मी कापून भंगारात देणार होते. आता तो तसाच राहील, प्रत्येक घरात माटवी त्यालाच बांधतील. माळा मागे सरकवला. रुक्मिणीवहिनींनी पुन्हा येऊन पाहिलं, त्यांचा आणि बाकीच्या पाचांचाही होकार मिळाला, सह्या झाल्या.

अडचण पुढे आहे. माळा मागे नेला म्हणून प्रत्येक घर थोडं लांबलं, आणि सहा घरांनी जागा घेतल्यावर सातवं उरलंच नाही. सातव्यासाठी उरली ती फक्त यंत्राची खोली. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. ती तू घे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरा मार्ग शोधतेय, मिळेलच.

रागावलीस तरी माझीच आत्या रहा.

तुझी,
संचिता


आचरा,
ता. ९ मार्च २०२५

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

दुसरा मार्ग शोधू नकोस, मार्चअखेर जवळ आली. माटवीचं माझ्याही ध्यानात आलं नाही, आणि का ते रात्रभर विचार करून कळलं. इथला गणपती दिराच्या घराचा. मी एवढी वर्षं त्याच्यासाठी मोदक वळले, पण तो कुठे बसवायचा हे मला कधी कुणी विचारलं नाही. चतुर्थीला मी रुक्मिणीकडे आरतीला जाईन, आणि येताना तिला माझ्याकडे चहाला घेऊन येईन.

खोली लहान म्हणून तू कचरलीस. तुझ्या बापालाही सांगितलं नाही ते आता तुला सांगते. मी राहते ती नारळ ठेवायची खोली. तिला कडी बाहेरूनच आहे, आतून काही नाही. मुलं वाईट नाहीत, मला कधी कुणी कोंडलं नाही. आत माणूस राहायला आलं तर आतूनही कडी लागते, एवढंच कुणाच्या मनात आलं नाही, आणि मला मागता आलं नाही. आतोबा गेल्यापासून मी दाराला पाटा टेकवून झोपते.

तेव्हा ती खोली केवढी आहे ते मला सांगू नकोस. सही सोबत जोडली आहे, सातवी. कडी पितळेची बसव आणि ती आतून बसव.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
सत्यवतीआत्या