प्राचीचं गाऱ्हाणं

७ जुलै, सोम.
पोरीच्या कॉलेजातल्या कौन्सिलर बाईंनी माणिकपूरला बोलावलं. कामाचा खाडा. म्हणाल्या, प्राचीने लिहून दिलंय, जगावंसं वाटत नाही. मी म्हटलं, बाई, सोळाव्या वर्षी मी गुडघाभर चिखलात लावणी करत होते, मला वेळ नव्हता असलं काही वाटायला. हसल्या नाहीत. डॉक्टरकडे न्यायची चिठ्ठी दिली. वर मलाच काम, पोरगी काय खाते, किती झोपते, रोज वहीत लिहा. मी सातवी नापास. लिहिते.

९ जुलै, बुध.
सकाळी अर्धी चपाती. दुपारचं माहीत नाही, मी सातिवलीला पॅकिंगवर. आले तर भिंतीकडे तोंड करून पडलेली.
"ऊठ गं, केस तरी विंचर."
"आई, नको ना."
ह्यांना चिठ्ठी दाखवली. "वेड्यांचा डॉक्टर? बिल्डिंगीत कळलं म्हणजे? लग्न कोण करणार हिच्याशी?" चिठ्ठी कपाटात गेली. मग गावी भाऊजींना फोन, देवळात गाऱ्हाणं घाला. फोनवर मीच सगळं सांगितलं. बाईंना लिहून दिलेलं तेसुद्धा. देवापासून काय लपवायचं.

१२ जुलै, शनि.
गाऱ्हाणं झालं. भाऊजींनी व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. गुरव खणखणीत आवाजात, "बा देवा म्हाराजा, वसैक ऱ्हवणाऱ्या आमच्या प्राचीक जगूचा वाटना नाय, रात-दीस रडता, काय भायरचा लागला आसात तर दूर कर म्हाराजा!" आणि सगळा गाव, "व्हय म्हाराजा!"
व्हिडिओखाली सगळ्यांचे जोडलेले हात.
प्राची पण त्या ग्रुपात आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही.

१३ जुलै, रवि.
पाणी प्यायली. जेवण नाही. हे म्हणतात, देवाच्या कानावर घातलंय, आता उतरेल. म्हटलं, देवाच्या की अख्ख्या भावकीच्या? बिल्डिंगीत कळू नये म्हणून मरत होता ना? भांडण.
संध्याकाळी प्राची एकच बोलली. "मी त्या बाईंना सांगितलेलं. एकट्या त्यांना."
मी उठले. भांडी घासली.

१५ जुलै, मंगळ.
कपाटातून चिठ्ठी काढली. ह्यांना सांगितलं नाही. परत खाडा, सुपरवायझर बडबडला, बडबडू दे.
डॉक्टरीण तरुण पोर. मी सांगायला तोंड उघडलं तर प्राची म्हणाली, "आई, तू बाहेर थांब." माझी पोरगी, आणि मी बाहेर. पाऊण तास. दाराला कान लावला, खोटं कशाला लिहू. काही ऐकू आलं नाही.
बाहेर आली, डोळे लाल. विचारलं, काय सांगितलंस?
"कुणाला फोन करायचाय?"
लागलं. पण बरोबरच बोलली.
रिक्षात बसतोय तर भाऊजींचा फोन. "वयनी, चेडवाक बरा वाटता काय?" प्राची माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, पोरीचं मला माहीत नाही, आणि ठेवला. पहिल्यांदाच खरं बोलले बहुतेक.
पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. ह्यांना अजून सांगायचंय.