डाव्या पायाची वहाण

अमरावती,
ता. २१ जून १९६६

प्रिय देवमन,

तुझं कार्ड पोचलं. एवढं मोकळं कार्ड, पण तू दोनच ओळी लिहिल्यास, आणि त्याही इतक्या दाबून की अक्षरं मागच्या बाजूनं हाताला लागतात. अकोल्याच्या क्रीडा समितीला फुटबॉलसाठी प्रशिक्षक हवा होता, त्यांनी माझ्याकडे नाव मागितलं, मी तुझं सुचवलं. त्यावर तू लिहितोस, 'ज्या खेळानं माझ्या धम्मापायी माझं नाव कापलं, तो मी पोरांना काय म्हणून शिकवू? दुसरं कोणी पाहा.' समितीला एक तारखेच्या आत उत्तर पाहिजे आहे. मी त्यांना अजून काहीच कळवलेलं नाही. आधी तुझ्या कार्डाचं उत्तर द्यायला हवं, आणि ते कार्डावर मावणारं नाही.

मी हल्ली फार थकतो, देवमन. वय काही म्हातारं होण्याचं नाही, अडतिसावं चालू आहे. पण दहा वर्षं रोज सकाळी सातला शाळेच्या पटांगणात उभं राहून शिट्टी फुंकली की माणूस आतून रिकामा होत जातो. जिना उतरताना डावा गुडघा वाजतो. हेडमास्तरांच्या मते फुटबॉल म्हणजे खिडक्यांच्या काचा फोडण्याचा सरकारमान्य मार्ग, त्यामुळे वर्षाला दोनच चेंडू मिळतात आणि दोन्ही दिवाळीच्या आत फाटतात. आईला आता दिसत नाही फारसं. दारातून कोणी पळत गेलं की विचारते, "तो देवमन कुठी असते आता? कसा धावे तो." तुला ती कधी ओसरीच्या आत घेत नसे, पाणीही वरून ओतून द्यायची, हे ती पार विसरली. मी विसरलो नाही. केशरवहिनी कशा आहेत? पंचायत समितीतली तुझी नोकरी कायम झाल्याचं शेषरावकडून कळलं, बरं वाटलं. शेषराव सध्या परतवाड्याला लाकडाच्या वखारीत आहे आणि इतका सुटला आहे की आता गोलात उभा राहिला तर चेंडूला जायला वाटच उरणार नाही.

आपल्याला खेळ शिकवणारा सोरोंदोसाहेब तुला आठवतो की नाही, हे विचारणंच वेडेपणाचं आहे. मला मात्र तो रोज आठवतो, कारण त्यानं जाताना दिलेली शिट्टीच मी फुंकतो. पहिली काही वर्षं नाताळच्या सुमाराला त्याचं कार्ड येत असे, परक्या देशाचं तिकीट लावलेलं. मोडक्या इंग्रजीत पाच-सहा ओळी. त्या एकेका ओळीतून मी त्याचं अख्खं आयुष्य जुळवलं आहे. तुला मी ते कधी सांगितलं नाही, कारण तू त्याचं नाव काढू देत नव्हतास.

त्याचा जन्म अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावचा, मोठ्या नदीकाठचा. बाप मांसाच्या कारखान्यात हमाल. पोरगा चौदा वर्षांचा होईपर्यंत नदीच्या गाळात अनवाणी खेळला आणि विसाव्या वर्षी देशाच्या संघात डाव्या बाजूनं धावू लागला. अकरा सामने खेळला. बाराव्याच्या आधी गुडघा मोडला. मग दोन वर्षं त्यानं मैदानाचं तोंड पाहिलं नाही. पुढं खेळता येत नाही म्हणून शिकवू लागला, आणि स्वतःच्या देशानं विचारलं नाही म्हणून दुसऱ्यांच्या देशात शिकवू लागला. कोलंबिया, मग आणखी दोन देश, मग सरकारच्या योजनेतून तीन महिने आपल्याकडे, मग ब्रह्मदेश, मग आफ्रिकेत कुठंतरी. शेवटचा देश शोधायला मला भूगोलाच्या मास्तरांचा नकाशा मागावा लागला. प्रत्येक ठिकाणी संघ जिंकू लागला की त्याची मिरवणूक आणि हरला की त्याची हकालपट्टी. एकदा त्यानं लिहिलं होतं, 'खुशाल, अकरा जणांना काढता येत नाही, म्हणून एकाला काढतात. मी आता ट्रंक पूर्ण रिकामी करतच नाही.' ते वाचून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

छप्पनच्या जुलैत तो बडनेऱ्याला उतरला तो दिवस आठव. डोक्यावर हॅट, हातात एकच ट्रंक आणि मॅट्रिक झालेला म्हणून दुभाष्या मी. फुटबॉल असोसिएशननं कौतुकानं बूट आणले होते. आपण पहिल्याच दिवशी ते घालून ओल्या काळ्या मातीत उतरलो आणि पाच मिनिटांत प्रत्येकाच्या पायाला दोन-दोन शेर चिखल. शेषराव तर रुतूनच बसला. साहेबानं बराच वेळ पाहिलं, मग खाली बसून स्वतःचे बूट काढले आणि गोलाच्या खांबापाशी आपल्या वहाणांच्या ओळीत नेऊन ठेवले. त्या दिवसापासून ती ओळ हाच आपला हजेरीपट झाला. त्याला आपली नावं येत नव्हती, पण कोणाची वहाण कोणती ते आठवड्यात पाठ झालं. तुझी टायरच्या तळव्याची, अंगठ्याशी पितळी खिळा मारलेली.

आणि त्याचा तो एकच नियम. त्याच्या बापाच्या कारखान्यात, ज्याला कामावर येणं जमत नसे तो शेजाऱ्याच्या हाती आपली टोपी पाठवायचा. ती खुंटीवर टांगली की त्या दिवसाची मजुरी जाई, पण नोकरी राही. आपल्यात मैदानावर टोप्या कोण घालतो? म्हणून साहेबानं ठरवलं, ज्याला यायचं नाही त्यानं एक वहाण सोबत्याच्या हाती पाठवायची. ती ओळीत दिसली की तो कारण विचारत नसे. नुसती मान हलवी. कोणाच्या घरी आजार, कोणाची पेरणी, कोणाची सासुरवाडी, सगळ्याला एकच माफी. पण वहाण नसेल तर माफी नाही. तो म्हणायचा, न आलेला माणूस मला चालतो, न सांगता राहिलेला चालत नाही.

तो शेवटचा सामना दसऱ्याला होता. दरवर्षी दसऱ्यालाच असे, कारण पुढं मैदानात कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहत. तू चार दिवस आधी मला गाठलंस. म्हणालास, "भाऊ, मी नागपूरले जातो. बाबासाहेब दीक्षा घेऊन राहिले." मी काय बोललो तेही मला आठवतं. मी म्हणालो, "फायनल खेळून जाय ना. एक दिवस उशीर झाला तं काय बिघडते?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि अगदी शांतपणे म्हणालास, "खुशालभाऊ, आमाले आजवर उशीरच होत आला. आता एक दिवस बी नाही." मग आदल्या दिवशी दुपारी तू घरी आलास, ओसरीच्या खालीच उभा राहिलास आणि डाव्या पायाची वहाण काढून माझ्या हातात दिलीस. दुसरी तिथंच पिशवीत टाकून अनवाणीच स्टेशनाकडे निघालास. मी ती वहाण कागदात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली.

आता पुढचं. दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे नांगर, विळे, खुरपी धुऊन, कुंकू लावून पुढच्या खोलीत मांडलेली. आई तिथंच बसलेली. मैदानावर जायचं तर त्या पूजेसमोरून जायचं, मग अख्खा बाजार ओलांडायचा, आणि सोनं द्यायला वाटेत चुलते, मामे, गावाकडचे सगळे भेटणार. हातात काय आहे म्हणून विचारणार. मी काय सांगू? देवमनची वहाण नेतो आहे, हे? तुझ्याबरोबर मी तीन महिने एका चेंडूमागे धावलो होतो, तुझ्या घामानं माझा सदरा भिजला होता, तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी ट्रंक उघडली, कागद पाहिला आणि ट्रंक बंद केली. मनाशी म्हटलं, साहेबाला तोंडानं सांगू, इंग्रजी काय मलाच येतं.

मैदानावर साहेबानं ओळ मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळून स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं, म्हणजे डाव्या बाजूचा तू कुठं? देवमन, मी खांदे उडवले. इतकंच केलं. तोंड उघडलं असतं तर वहाण कुठं आहे हे त्यानं विचारलं असतं, आणि ती मी का आणली नाही हे मला कोणत्याच भाषेत सांगता आलं नसतं. आपण दोन गोलांनी हरलो. दोन्ही गोल तुझ्या बाजूनं झाले.

संध्याकाळी तो कॅम्पातल्या बंगल्यात यादी लिहायला बसला. कलकत्त्याच्या शिबिराला दोन नावं पाठवायची होती, तुझं आणि शेषरावचं, हे त्यानं मला आधीच सांगितलेलं. माझ्यासमोर त्यानं तुझ्या नावावर रेघ मारली. राग नव्हता, पोटच्या पोरानं फसवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मग त्यानं विचारलं, दुसरं कोण? पेन्सिल कागदावर टेकवून तो माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हाही सांगता आलं असतं. मी गप्प बसलो आणि त्यानं माझं नाव लिहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला पहिलं कारणच सांगत आलो, लाजेचं. दुसरं, लोभाचं, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी सुटली, त्यानंतरच्या दिवशी तू आलास. पांढऱ्या कपड्यात, चेहऱ्यावर तेज, इतका ताठ तुला मी कधी पाहिला नव्हता. मैदानालगतच्या कॉलेजच्या फळ्यावर लावलेली शिबिराची यादी तू वाचलीस. मला विचारलंस, "भाऊ, वहाण ठेवली होती ना?" आणि मी म्हणालो, "हो." त्या एका शब्दानं साहेबाला मी जातीचा विटाळ मानणारा करून टाकलं. तू समजलास की वहाण पाहूनसुद्धा, तू कुठं गेलास ते कळल्यावर त्यानं नाव कापलं. तू महिन्याभरात अकोल्याला निघून गेलास आणि चेंडूला पुन्हा पाय लावला नाहीस. मी कलकत्त्याला गेलो, तीन आठवडे राहिलो, माझी निवड होणारच नव्हती, झालीही नाही. पण सर्टिफिकेट मिळालं आणि त्यावर ही नोकरी. रोजची भाकर मी त्याचीच खातो.

तीन-चार वर्षं साहेबाची कार्डं बंद होती. या फेब्रुवारीत अचानक पत्र आलं. तो रोसारिओला परतला आहे, प्रशिक्षकपण सोडलं, नदीकाठी गल्लीतल्या पोरांना शिकवतो. लिहितो, 'सात देशांत माझ्या हाताखालून चारशे खेळाडू गेले. न सांगता गेलेला एकच. डाव्या बाजूचा तो मुलगा जिवंत आहे का? मी त्याच्या नावावर रेघ मारली, आणि ती रेघ मला अजून टोचते.' ते वाचून मी आठ दिवस जेवलो नाही धड. मग त्याला सगळं लिहून पाठवलं, वर तुला लिहिलं तसंच, लोभाची तेवढी गोष्ट सोडून. ती त्याला न लिहिताही कळली असणार. परवा त्याचं उत्तर आलं. पाकिटावर तुझं नाव, माझ्या पत्त्यावर. माझ्यासाठी बाहेर एक ओळही नाही. मला राग आला नाही, ते बरोबरच आहे.

म्हणून हे पत्र. ते पाकीट यासोबत पाठवतो आहे. मी ते फोडलेलं नाही. तुला आता इंग्रजी येतं, मधे दुभाष्या नको. अकोल्याचा संघ घे, नको घेऊ, माझ्याशी बोल, नको बोलू, सगळं तुझ्या हातात आहे. समितीला तू सांगशील तेच कळवीन. तुझी वहाण दहा वर्षं माझ्या ट्रंकेत आहे. चामडं कडक झालं आहे, पितळी खिळा तसाच आहे. ती पोस्टानं पाठवणार होतो, पण नियम तसा नाही. सोबत्याच्या हाती पाठवायची असते. रविवारी पहिल्या एस.टी.नं मी अकोल्याला येतो आहे. मला सोबती म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र घरून निघताना आईसमोरून जाईन, बाजार ओलांडीन आणि तुझ्या दारापर्यंत येईन. वहाण हातात धरून आणीन, कागदात नाही.

तुझाच,
खुशाल